शिट्टीबाईंची उडालेली झोप

शिट्टीबाईंना झोप येत नाही ही बातमी तरण तलावावर कुणी पसरवली कोण जाणे. पण पसरली, आणि तेव्हापासून जो तो त्यांच्या ताटात डोकवायला लागला. पाण्यात औषध टाकणारा म्हणे, "बाई, रात्री भात खाता का? भात सोडा." फरशी पुसणारी म्हणे, "कोरडं खात असाल तुम्ही. कोरड्याने झोप उडते." सकाळच्या बॅचच्या एक आजी तर ओल्या हाताने त्यांचं मनगट धरून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि शेवटी निकाल देऊन मोकळ्या झाल्या, "पोट साफ नाही तुझं."

शिट्टीबाई मान डोलवायच्या आणि पाण्याकडे बघत राहायच्या. आत मात्र नुसती लाही लाही व्हायची. त्यांची झोप काही जेवणाच्या टेबलावरून उडाली नव्हती. ती कुठून उडाली ते या सगळ्यांना ठाऊक होतं, रोज येता-जाता डोळ्यांसमोर दिसत होतं. पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढेल तर शपथ.

कागदोपत्री त्या जीवरक्षक. पन्नाशी ओलांडलेली, पुरुषासारखे रुंद खांदे, औषधाच्या पाण्याने तांबूस झालेले आखूड केस आणि गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी. तलावावर वाढलेल्या दोन पिढ्या त्यांना शिट्टीबाईच म्हणत आल्या होत्या. त्यांच्याकडे पोहायला शिकलेल्या मुली आता आपल्या मुलींना घेऊन यायच्या आणि लेकीला हळूच सांगायच्या, "काठावरून पळू नकोस हं, शिट्टीबाई बघताहेत."

तलाव लांबलचक. एका टोकाला पोरांसाठी उथळ पाणी, दुसऱ्या टोकाला उडी मारायची फळी आणि चांगला दोन पुरुष खोल असा भाग. दोन्ही टोकांना एकेक उंच लोखंडी खुर्ची. उथळ बाजूला शिट्टीबाई बसायच्या आणि खोल बाजूला त्यांचा जोडीदार, ज्याला सगळे दादा म्हणत. दोघांनी अशी कित्येक वर्षं काढली होती. एकमेकांशी बोलणं फारसं नाहीच. इकडून एक हात वर झाला की तिकडून एक हात वर व्हायचा, झालं. म्हणजे माझी बाजू ठीक, तुझीही ठीक.

मग वरून आदेश आला. कुणाच्या डोक्यातून निघाला माहीत नाही, पण आला. तिकीट खिडकीवरचा माणूस निवृत्त झाला होता, त्याच्या जागी नवीन भरायचा नव्हता. म्हणून दादांना खोल बाजूच्या खुर्चीवरून उतरवून खिडकीत बसवलं. साडेसहा फुटांचा माणूस त्या कपाटाएवढ्या खोलीत गुडघे छातीशी घेऊन तिकिटं फाडायला लागला. मॅनेजर साहेब म्हणाले, तात्पुरतं आहे. ते तात्पुरतं थंडी संपली तरी संपलं नाही. उन्हाळा आला, शाळांना सुट्ट्या लागल्या, तलाव पोरांनी ओसंडून वाहायला लागला आणि शिट्टीबाई एकट्या त्या एका खुर्चीवर.

दुपारी ऊन कलायला लागलं की उथळ बाजूकडून खोल पाणी दिसतच नाही. दिसतो तो नुसता चकाकता पत्रा. त्याच्याखाली माणूस आहे की फरशी, काही कळत नाही. शिट्टीबाईंनी हे मॅनेजर साहेबांना तोंडी सांगितलं, दोनदा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही अनुभवी आहात. तुमची नजर तीक्ष्ण आहे." जणू नजर तीक्ष्ण असली की उन्हाच्या आरपार दिसतं!

आणि व्हायचं ते झालंच. सुट्टीतली गर्दीची दुपार. दोन पोरं उथळ पाण्यात एकमेकांच्या डोक्यावर बसत होती, त्यांना शिट्टीबाई दम देत होत्या. तेवढ्यात पिवळी टोपी घातलेली एक मुलगी काठाची दांडी धरत धरत सरकत खोल बाजूला गेली. बाईंनी मान वर केली तेव्हा टोपी दिसली. पुन्हा पाहिलं तेव्हाही टोपीच दिसली. पण पाण्यावर नुसती टोपी. खाली डोकं नव्हतं.

बुडणारं माणूस ओरडत नाही. लोकांना वाटतं, आरडाओरडा होतो, हात हलतात. तसं काही होत नाही. आजूबाजूला सगळी हसत-खिदळत पोहत होती आणि मुलगी तळाला होती. शिट्टीबाई धावल्या तेव्हा कुणी तरी ओरडलं, "बाई, पळायचं नाही ना?" त्यांनी उडी घेतली, चाचपडत तळ गाठला आणि मुलीला केसाला धरून वर आणलं. काठावर आडवी करून तोंडाने श्वास दिला, छाती दाबली. मुलीने भडाभडा पाणी ओकलं आणि हंबरडा फोडला. त्या रडण्याइतका गोड आवाज बाईंनी जन्मात ऐकला नव्हता.

मुलगी वाचली, घरी गेली, चार दिवसांत खडखडीत बरी झाली. तलावावर समारंभ झाला. शिट्टीबाईंना फुलांचा गुच्छ मिळाला, छातीवर बिल्ला लागला, चौकटीत बसवलेलं प्रशस्तिपत्रक मिळालं, फोटो निघाले. मॅनेजर साहेबांनी भाषण ठोकलं. भाषणात एक शब्द ते पुन्हा पुन्हा घोळवत होते. "एकट्या बाईंनी! एकट्या बाईंनी हे करून दाखवलं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खिडकीच्या गजांमागून दादाही वाजवत होते, पण त्यांची मान खाली होती.

त्याच रात्रीपासून बाईंच्या डोळ्याला डोळा लागेनासा झाला.

त्यांचे यजमान बेकरीत भट्टीवर होते. उजाडायच्या कितीतरी आधी कामावर जायचे, त्यामुळे दिवेलागणीनंतर थोड्या वेळाने गडी आडवा. उशीला डोकं टेकलं की संपलं. असा झोपायचा की वरून छप्पर काढून नेलं असतं तरी कळलं नसतं. इतकी वर्षं बाईंना त्याच्या घोरण्याचं काही वाटलं नव्हतं. आता तेच घोरणं कुणी मुद्दाम वेडावून दाखवावं तसं वाटायला लागलं. डोळे मिटले की चकाकता पत्रा दिसे. कूस बदलली तरी तोच. शेवटी त्या उठून स्वयंपाकघरात जात.

घरात बेकरीचा उरलेला पाव कायमचा. पहिल्या रात्री त्यांनी अंधारातच एक तुकडा मोडून जॅम लावून उभ्या उभ्या खाल्ला आणि त्यांच्या ध्यानात आलं, चावताना डोकं गप्प बसतं. जबडा चालू असला की पिवळी टोपी दिसत नाही. तोंड थांबलं की दिसते. मग काय, तोंड थांबूच द्यायचं नाही. पाव झाला की बिस्किटं. बिस्किटं झाली की पातेल्यातली गार भाजी, तीही बोटांनी. मग चीज. मग तळलेले बटाट्याचे काप पाकिटातून. मग घशाला कोरड पडते म्हणून कडक चहा. चहा झाला की पुन्हा काही गोड. पोट फुगून नगारा व्हायचं, छातीत जळजळ उठायची, आडवं पडलं की आंबट पाणी घशाशी. मग भिंतीला पाठ लावून बसायचं आणि यजमानांचं घड्याळ वाजायची वाट बघायची.

एका पहाटे यजमानांनी ओट्यावरचा चुरा बघितला.

"अगं, उंदीर झालेत का घरात?"

"हो," बाई म्हणाल्या. "एक मोठा झालाय. ट्रॅक पँट घालतो."

ते हसले नाहीत. बुटाची नाडी बांधता बांधता थांबले. "काय होतंय तुला?"

"काही नाही. जा तुम्ही, भट्टी निवेल."

ते गेले. पण बायकोची काळजी पोटात ठेवणं त्यांना जमेना. त्यांनी ती वरच्या मजल्यावर जाऊन आपल्या वहिनीच्या कानावर घातली, आणि तिथेच सगळं बिनसलं. कारण बाईंच्या मोठ्या जाऊबाई म्हणजे दुसऱ्याच्या भल्याचं कळलं की हातातलं काम टाकून धावणारी बाई. संध्याकाळी शिट्टीबाई कामावरून आल्या तर पावाचा डबा जागेवर नाही. बिस्किटांची बरणी नाही. चहाची पूडसुद्धा नाही.

त्या तशाच जिना चढून वर गेल्या.

"जाऊबाई, आमच्या घरात चोर शिरला होता का?"

"चोर कसला! मी आणून ठेवलं सगळं," जाऊबाई मोठ्या मायेने म्हणाल्या. "तुझ्याच भल्यासाठी गं. समोर दिसलं की हात जातो. आजपासून तुला काय हवं ते माझ्याकडे मागायचं. मी मोजून देईन."

"मागायचं?"

"लाजायचं काय त्यात?"

शिट्टीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाव माझ्या नवऱ्याने भाजलेला. डबा माझा. ओटा माझा. पोटही माझंच. आणि एक तुकडा खायचा तर मी एवढी घोडी जिना चढून तुमच्या दारात हात पसरायचा? उद्या झोपायलाही तुमच्याकडे येते, मांडीवर थोपटा!"

डबा, बरणी आणि पूड काखोटीला मारून त्या खाली आल्या. जाऊबाई जिन्यावरून हाका मारत राहिल्या, "अगं, वजन बघ किती वाढलंय! झोपण्याआधी चार तास तोंडाला कुलूप हवं, कुलूप!"

त्या रात्री बाईंनी रागाने सबंध पाव संपवला.

हे असं किती दिवस चालणार? एका दुपारी, ऊन मी म्हणत असताना, तलावात पोरांचा नुसता गोंगाट चाललेला असताना, उंच खुर्चीवर बसलेल्या शिट्टीबाईंची मान एकदम खाली झुकली. क्षणभरच. हनुवटी शिट्टीवर आपटली आणि त्या जाग्या झाल्या. सगळं जिथल्या तिथे होतं. पोरं उड्या मारत होती. कुणाला काही कळलं नव्हतं. पण त्यांना कळलं होतं. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि जीव खाऊन वाजवली.

"बाहेर! सगळे बाहेर! एकजणही पाण्यात नको!"

पोरं कुरकुरत निघाली. आया विचारायला लागल्या, काय झालं, पाण्यात काही पडलं का? मॅनेजर साहेब धापा टाकत आले.

"बाई, काय झालं?"

"माझा डोळा लागला," बाई म्हणाल्या. "खुर्चीवर बसल्या बसल्या. म्हणून पाणी रिकामं केलं."

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. मग आवाज खाली आणून, अगदी घरच्यासारखं विचारलं,

"रात्री काय खाता तुम्ही?"

बाईंना वाटलं, याच्या कानात शिट्टी वाजवावी. पण वाजवली नाही. "दादांना परत त्या खुर्चीवर बसवा," एवढंच म्हणाल्या.

"ते बघू. आधी तुमच्या तब्येतीचं बघू."

आणि त्यांनी खरोखरच बघितलं. आठवड्याभरात तलावाच्या सभागृहात सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी व्याख्यान ठेवलं. विषय, झोप, ताण आणि आहार. भिंतीवर जांभई देणाऱ्या चंद्राचं चित्र लावलं. तासभर तलाव बंद. एका माणसाला खिडकीतून उठवून खुर्चीवर बसवणं जमत नव्हतं, पण अख्ख्या तलावाला पंख्याखाली बसवून केळी वाटणं जमलं! हो, केळीसुद्धा वाटली. प्रत्येकी एक.

व्याख्यानाला आलेल्या आहारवाल्या मॅडम मात्र बऱ्या निघाल्या. लहान चणीच्या, हळू बोलणाऱ्या, उगाच आव न आणणाऱ्या. त्यांनी सांगितलं, रात्रीचं जेवण लवकर घ्या, तिखट-तळलेलं रात्री टाळा, दुपारनंतर चहा-कॉफी नको. झोपताना भूक असेल तर थोडं कोमट दूध, अर्धं केळं, एखादा टोस्ट असं हलकं काही घ्या. भरल्या पोटी आडवं पडू नका, पण भुकेल्या पोटीही पडू नका. सगळं ऐकण्यासारखं होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "कुणाला काही शंका?"

सगळ्यांच्या माना आपोआप शिट्टीबाईंकडे वळल्या. बाई उठल्या.

"मॅडम, काय खाल्लं म्हणजे माणसाला दोन्ही बाजूंचं दिसतं?"

काहीजण हसले. मॅनेजर साहेब खुर्चीत चुळबुळले. मॅडम हसल्या नाहीत. "मला कळलं नाही. नीट सांगाल?"

"एवढा मोठा तलाव आहे. बघायला मी एकटी. खोल बाजूची खुर्ची रिकामी आहे. एक मुलगी जाता जाता वाचली. तेव्हापासून मला झोप नाही. तर दूध प्यायले तर ती खुर्ची भरेल का, एवढंच विचारायचं होतं."

मॅडमनी मॅनेजर साहेबांकडे बघितलं, मग बाईंकडे.

"नाही," त्या म्हणाल्या. "त्यावर माझ्याकडे खायचं काही नाही."

व्याख्यान संपल्यावर साहेब आभार मानत असतानाच त्या उठून बाईंजवळ येऊन बसल्या. "रात्री खाता का उठून?"

बाईंना खोटं बोलवेना. "खाते. पोट फुटेस्तोवर खाते. अंधारात उभी राहून."

"अंधारात का?"

"कुणी बघू नये म्हणून."

"तेवढं आधी बंद करा. खाणं नाही म्हणत मी, अंधार म्हणतेय. दिवा लावा, बशी घ्या, खुर्चीवर बसा. ठरलेल्या वेळेला ठरलेलं खा. स्वतःच्या घरात चोरासारखं कशाला वागायचं? खुर्चीचं तुम्हाला साहेबांशी भांडावं लागेल. पण ती जळजळ घेऊन कशाला भांडता? भांडायलासुद्धा अंगात ताकद लागते."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी भांडा म्हणालं होतं. शिट्टीबाईंना ते दूध-केळ्यापेक्षा जास्त पौष्टिक वाटलं.

त्यांनी ऐकलं. दुपारनंतरचा चहा सोडला, म्हणजे दोन दिवस डोकं असं ठणकलं की विचारू नका. संध्याकाळी यजमानांबरोबर जेवायला लागल्या. लग्नानंतरची पहिली काही वर्षं सोडली तर दोघं एका वेळी कधी जेवलीच नव्हती. ते लवकर जेवून झोपायचे, या उशिरा येऊन उरलेलं उभ्याने गिळायच्या. आता बाई बॅच संपली की तडक घरी. यजमान ताट वाढून वाट बघत बसलेले. बोलायला काही नसलं तरी समोर माणूस जेवतंय म्हटलं की घास सावकाश जातो. आणि निजायच्या आधी दिवा लावून, टेबलाशी बसून, कपभर कोमट दूध आणि एक टोस्ट. एकच. बाकीचा डबा उघडा समोर असायचा, पण भरल्या प्रकाशात अख्खा पाव खायचा तर आपलंच आपल्याला हसू येतं.

जळजळ थांबली. पोट हलकं झालं. रात्रीची पहिली झोप येऊ लागली, बरी येऊ लागली. पण यजमानांचं घड्याळ वाजलं की डोळे टक्क उघडत आणि पुन्हा तो पत्रा चकाकायला लागे. फरक एवढाच की आता पोटाची कुरकुर नसल्याने डोक्यातलं स्वच्छ ऐकू येत होतं. अशाच एका पहाटे अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या लक्षात आलं, मला भीती वाटत नाहीये. मला राग आलाय. इतके दिवस मी राग चावून चावून गिळत होते.

त्याच सकाळी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. खुर्ची ओढून बसल्या.

"झोप कशी आहे?" साहेबांनी विचारलं.

"पोटापुरती झाली. आता उरलेलीचं बोला. दादांना कधी सोडताय?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, मी वर विचारलं होतं. खरंच विचारलं होतं. त्यांचं म्हणणं, इतकी गर्दी असतानाही काही झालं नाही, मग दुसरा माणूस कशाला?"

"काही झालं नाही?"

"म्हणजे, मुलगी वाचली ना. तुम्हीच वाचवलीत. तुम्ही एकट्या पुरेशा आहात हे तुम्हीच सिद्ध केलंत."

गुच्छ, फोटो, भाषण, सगळ्याचा अर्थ शिट्टीबाईंना आता लख्ख कळला.

"म्हणजे ती मेली असती तर दुसरा माणूस मिळाला असता," त्या सावकाश म्हणाल्या. "मी तिला वर काढली म्हणून नाही मिळाला. माझीच चूक."

"तसं नाही हो..."

"तसंच आहे. तुम्ही माझ्या छातीवर बिल्ला लावलात आणि त्याच टाचणीने मला तिथे एकटीला डकवून ठेवलंत. वर विचारताय, रात्री काय खाता? हेच खाते, साहेब. तुम्ही दिवसा जे वाढता तेच रात्री खात बसते."

साहेब वाईट माणूस नव्हते. पण वरच्यांपुढे मूग गिळून बसायची त्यांना इतकी सवय झाली होती की खालच्यांनी तोंड उघडलेलं त्यांना खपेना. "मी काही करू शकत नाही," म्हणून त्यांनी हात झटकले.

"तुम्ही नका करू. मी करते," म्हणून बाई उठल्या.

भांडारातून त्यांनी शर्यतींच्या वेळी वापरतात ती लाल-पांढऱ्या गोळ्यांची दोरी काढली आणि तलावाच्या मधोमध या काठापासून त्या काठापर्यंत आडवी ताणून बांधली. रिकाम्या खुर्चीला पुठ्ठा लटकवला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "इथे माणूस नाही. म्हणून पोहणं नाही." आणि आपल्या जागेवर येऊन बसल्या. उथळ बाजू उघडी, खोल बाजू बंद. जेवढं डोळ्यांना दिसतं तेवढंच पाणी चालू.

गदारोळ झाला. पोरांचं काही अडलं नाही, त्यांना अर्धा तलावही समुद्र. अडलं ते पट्टीच्या पोहणाऱ्यांचं. त्यांचा म्होरक्या म्हणजे देवमासा. हे त्याचं तलावावरचं नाव, आणि त्याला ते आवडायचं. अवाढव्य देहाचा, सदैव घाईत असलेला, रोज या टोकापासून त्या टोकापर्यंत खेपा मारणारा माणूस. तो दोरीपाशी येऊन फुसकारत उभा राहिला.

"बाई, हा काय पोरखेळ? मी वर्षाची वर्गणी भरलीय. अर्ध्या तलावाची नाही."

"खरं आहे."

"मला बुडायची भीती नाही. मला कुणी बघायची गरज नाही."

"तुमच्या छातीत कळ आली तर?"

"माझ्या?" देवमाशाने आपल्या छातीकडे असं बघितलं जणू कुणी तिचा अपमान केला.

"तुमच्या. त्या तळाशी तुम्ही गेलात तर तुम्हाला वर आणायला मला आणखी दोघं लागतील. इथे तर दुसरंही कुणी नाही. ओरडायचं तर तिकडे ओरडा," आणि बाईंनी हात लांब करून साहेबांच्या खोलीचं दार दाखवलं.

देवमासा ओला पंचा खांद्यावर टाकून, पाणी निथळत, तसाच तिकडे गेला. त्याच्यामागे आणखी सातआठ. रोज जाऊ लागले. साहेबांनी बाईंना दोरी काढायला सांगितलं. बाई म्हणाल्या, "काढा की. तुम्ही काढा आणि तुम्हीच त्या खुर्चीवर बसा." साहेब दोरीपर्यंत आले, हात लावला, खोल पाण्याकडे बघितलं आणि परत गेले. स्वतःच्या हाताने ती गाठ सोडायची आणि मग काही झालं तर? एवढं धाडस कुणातच नव्हतं. ज्यांनी दादांना खिडकीत बसवलं त्यांच्यातही नव्हतं. आदेश देणारे लांब होते, गाठ मात्र इथे होती.

बाईंवर कारवाई होईल असं सगळे बोलत होते. फरशी पुसणारी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "कशाला नादी लागता?" जाऊबाईंनी वरून सांगावा धाडला, नोकरी गेली तर झोप कायमची जाईल. यजमान मात्र जेवताना एवढंच म्हणाले, "दोरी घट्ट बांधलीस ना?"

देवमाशाच्या ओळखीतलं कुणीतरी वरती होतं. त्याने फोन केला. दुसऱ्याने केला. आणि सुट्ट्या संपायच्या आत, ज्या आदेशाला कुणी बाप नव्हता तो एका झटक्यात रद्द झाला. खिडकीवर दुसरी बाई आली. दादा गुडघे सरळ करत बाहेर पडले, खोल बाजूची शिडी चढून आपल्या जागेवर बसले आणि त्यांनी हात वर केला. शिट्टीबाईंनी लगेच हात वर केला नाही. आधी डोळे पुसावे लागले.

सगळे म्हणाले, बाई जिंकल्या. बाईंना तसं मुळीच वाटलं नाही. पोरीचा जीव जाता जाता राहिला तेव्हा वरचे ढिम्म हलले नव्हते. चार धडधाकट माणसांच्या खेपा अर्ध्या झाल्या तेव्हा मात्र धावपळ! दादा परत आले याचा आनंद खरा होता. पण ते ज्या कारणाने आले त्याची चीड त्याहून मोठी होती, आणि ती कुठल्याही दुधाने खाली उतरणारी नव्हती.

त्यात नव्या हंगामाला फाटकावर एक रंगीत फलक लागला. "आपली सुरक्षा, आमचं प्राधान्य. प्रत्येक टोकाला प्रशिक्षित जीवरक्षक." खाली मॅनेजर साहेबांचा हसरा फोटो. ते वाचून शिट्टीबाई घरी आल्या त्या धुमसतच.

"प्राधान्य म्हणे! आमचं म्हणे!" ताट वाढता वाढता त्या यजमानांना सांगत होत्या. "अहो, आणि फोटो कुणाचा, तर त्यांचा! दादांचा नाही, माझा नाही. माझा नकोच आहे मला. पण त्या माणसाचा?"

यजमान मान हलवत जेवत होते. जेवण झालं, भांडी झाली, तरी बाईंचं चालूच होतं. दूध तापवतानाही चालू होतं. टोस्ट दुधात बुडवून त्या एक मुद्दा मांडत होत्या, तो त्यांना फार पटला होता, आणि तो पुन्हा एकदा नीट ऐकवावा म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या, तर यजमान केव्हाच घोरायला लागले होते.

"अहो, ऐका की," म्हणत त्या शेजारी आडव्या झाल्या. उद्या गेल्या गेल्या साहेबांना काय काय सुनवायचं ते त्यांनी मनात जुळवायला घेतलं. सुरुवात चांगली झाली होती. शेवट काय करावा याचा विचार करता करता, रागाने नाक फुगलेलं असतानाच, त्यांचा डोळा लागला.